जुनी जपानी गाडी परत रस्त्यावर: पहिली किक मारायच्या आधी काय?

चोकवाला

पन्नाशी आली की माणूस विशीतली गाडी शोधायला निघतो, हा आता रोगच मानायला हरकत नाही. कुणाला यामाहा आरडी ३५० हवी असते, कुणाला होंडाची सीबी ३५० ट्विन, फारच भाग्यवान असेल त्याला सीबी ७५०. ताडपत्रीखाली पंधरा-वीस वर्षं पडलेली एखादी सापडते. मग टाकीत ताजं पेट्रोल, नवे प्लग आणि धडाधड किका. "जपानी आहे, उठणारच!" बऱ्याचदा उठतेही. आणि पन्नासेक किलोमीटरात पिस्टन चिकटतो.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल झोडपा. या गाड्या आपल्या आठवणीत जरा चुकीच्या साठवल्या गेल्यात. "तेव्हा काही बघावंच लागायचं नाही" असं जो तो म्हणतो. खरं तर पॉइंट (ठिणगी पडावी म्हणून प्रवाह तोडणारे संपर्क), प्लग, चेन, केबल, कार्ब्युरेटर हे सगळं सतत बघितलं जायचं. फक्त वीस वर्षांच्या पोराला ते काम वाटत नसे. गाडी कमी मागत नव्हती, देणाऱ्याकडे वेळ भरपूर होता.

तर प्रश्न असा: वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी जपानी गाडी, टू-स्ट्रोक किंवा फोर-स्ट्रोक, तिला पहिली किक मारायच्या आधी नक्की काय काय करायचं आणि कुठल्या क्रमानं? उसासे चालतील, पण सोबत आकडे आणा.

किकमारी

पहिलं काम, बूट घाला. चपलेवर किक मारणाऱ्यांच्या नडग्या हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

हवाबंद

टू-स्ट्रोकपासून सुरुवात करतो, कारण "उठली आणि पन्नास किलोमीटरात चिकटली" हे तिथलंच दुखणं आहे आणि दहातल्या बहुतेक वेळा दोषी एकच: क्रँकची ऑइल सील.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हा पंपच. पिस्टन वर गेला की तिथं पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. गाडी उभी राहिली की त्यांची ओठाची कड कोरडी पडून कडक होते. आता आरडी ३५० चं उदाहरण घ्या. पॉइंट असतात त्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची कोरडी हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, चिकटतो. लक्षण ओळखायला सोपं: ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली यायला तयार नाही, इंजिन आपलं वरच लटकलेलं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गियरबॉक्सचं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. मागे पांढऱ्या धुराचा ढग, आणि गियर ऑइल दर आठवड्याला कमी होतंय पण जमिनीवर एक थेंब नाही.

यावर अंदाज लढवत बसू नये. हवा भरून तपासावं. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही रबरी बुचांनी बंद करायचे, एका प्लगच्या भोकातून साधारण ६ पीएसआय दाब द्यायचा, दुसरा प्लग घट्ट. सहा मिनिटं बघायचं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत नसेल तर ठीक. उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा: सीलच्या कडा, सिलेंडरच्या तळाचं गॅसकेट, हेड, इनटेकची रबरं. बुडबुडा आला की चोर सापडला.

शंकासुर

@हवाबंद, दाब कशानं द्यायचा? कॉम्प्रेसर आहे.

हवाबंद

कॉम्प्रेसर नको! १० पीएसआयच्या वर गेलात तर चांगलं सीलसुद्धा जागचं हलेल. सायकलचा हातपंप किंवा रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा पुरे. ६ पीएसआय म्हणजे ३१० मिलिमीटर पारा, आणि त्या यंत्राची तबकडी ३०० लाच संपते, म्हणून गेज मात्र कमी दाबाचं वेगळं घ्या.

आणखी एक. आरडीसारख्या ट्विनमध्ये दोन सिलेंडरांच्या क्रँककेस वेगळ्या असतात, मध्ये लॅबिरिंथ सील असतं. ते क्रँकला घासत नाही, त्यामुळे थोडी हवा एकीकडून दुसरीकडे जाणारच. म्हणून दोन्ही बाजू एकदम बंद करून तपासायच्या. एकच बाजू तपासून "मधलं सील गेलं" म्हणत क्रँक उघडायला काढू नका. मधलं सील बदलायला दाबून बसवलेला क्रँक सुटा करावा लागतो, आणि तो परत सरळ रेषेत आणणं हे डायल गेज आणि अनुभव असलेल्याचंच काम.

मागच्या_सीटवरून

पहिल्या चार प्रतिसादांत क्रँकपर्यंत पोचलात. जागा धरून बसले आहे, चालू द्या.

टॅपेटबुवा

फोर-स्ट्रोकवाल्यांना हे सुख नाही असं समजू नका, आमची दुखणी फक्त सावकाश मारतात.

आधी इंजिन फिरतंय का बघा, तेही किकनं नाही. प्लग काढायचे, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं. मग टॉप गियर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू मागेपुढे. जाम असेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं पातळ तेल) आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळून भोकात सोडायचं आणि दोन-चार दिवस धीर धरायचा. जाम इंजिनावर उभं राहून किक मारली तर इंजिन सुटत नाही, किकच्या गियरचे दात सुटतात.

मग तेल. इथं होंडा ३५० ट्विनवाले हमखास फसतात. त्या इंजिनात कागदी फिल्टर नाही. क्लचच्या बाजूला गोल झाकणामागे फिरणारी वाटी आहे, ती गाळ केंद्रापसारी बलानं कडेला फेकते. लोक तेल बदलतात, वाटी उघडतच नाहीत. उघडली की आत करड्या रंगाचा बूट-पॉलिशसारखा थर निघतो. तो लाकडी काडीनं खरवडायचा, रॉकेलनं धुवायचं, मगच नवं तेल.

सीबी ७५० चं वेगळंच. ती ड्राय संप, तेल बाजूच्या टाकीत. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की तेल टाकीतून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. मालक काडी बुडवून बघतो, टाकी रिकामी दिसते, तो वरून भरतो. चालू केल्यावर खालचं तेल पंप वर फेकतो आणि टाकी तुडुंब, ब्रीदरमधून, म्हणजे हवा सोडायच्या नळीतून, तेलाचा अभिषेक. म्हणून जुनं तेल टाकीतून आणि खालून, दोन्हीकडून काढायचं, आणि पातळी नेहमी इंजिन चालवून गरम झाल्यावर बघायची. हिला मात्र कागदी फिल्टर आहे, पुढच्या बाजूला. त्याच्या बोल्टचं १२ मिलिमीटरचं डोकं गोल होण्यासाठीच जन्माला आलंय. सहा कडांचा सॉकेट वापरा, बारा कडांचा नको.

टॅपेटची फट (व्हॉल्व्हच्या डोक्यापाशी ठेवायची) थंड इंजिनावर: सीबी ७५० ला इनटेक ०.०५, एक्झॉस्ट ०.०८ मिलिमीटर. ३५० ट्विनला ०.०५ आणि ०.१०. "किंचित सैल राहू दे, आवाज आला तरी चालेल" हे धोरण चांगलं. गच्च टॅपेट गप्प बसतो आणि व्हॉल्व्ह जाळतो.

गंजलेला_नट

तुम्ही सगळे झाकणं उघडून मोकळे झालात. पण उघडणार कशानं?

जुन्या जपानी गाडीच्या क्रँककेसवर अधिकचं चिन्ह असलेले स्क्रू असतात, ते फिलिप्स नाहीत. जपानी मानकाचे, जेआयएस. डोक्यावर बहुतेक वेळा एक बारीक ठिपका असतो. फिलिप्सचं टोक त्या खाचेच्या तळाला आधी टेकतं आणि पंख नीट बसत नाहीत. जोर लावला की पेचकस वर उसळतो, खाच गोल. मग छिन्नी, मग शिव्या. "जपानी स्क्रू लोण्यासारखे मऊ" ही ख्याती यातूनच आली. बिचारे स्क्रू ठीक होते, पेचकस परका होता.

इंजिनच्या झाकणांचे एम६ स्क्रू म्हणजे ३ नंबरचं टोक. कार्ब्युरेटरच्या वाटीचे एम४, त्यांना २ नंबर. एम६ वर २ नंबर चालवणं हा दुसरा गुन्हा. आधी स्क्रूच्या डोक्यावर पितळी दांडीनं दोन खणखणीत ठोके, मग हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. बसवताना मात्र इम्पॅक्ट नको. ॲल्युमिनियममध्ये एम६ ला १० न्यूटन-मीटर खूप झाले, आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, घालत बसाल.

किकमारी

त्यापेक्षा सरळ ॲलन बोल्ट लावा की. एकदाच काय तो त्रास.

गंजलेला_नट

लावा. पण लांब की आखूड ॲलन-की हाताला लागली की माणसाचा हात सैल सुटतो आणि आटे ओढले जातात. शिवाय १९७३ च्या इंजिनावर चकचकीत ॲलन बोल्ट म्हणजे धोतरावर टाय. ज्याची त्याची हौस.

नव्यातला

पॉपकॉर्न घेऊन बसलेल्यांची माफी मागून एक काडी टाकतो. ब्रेक नाहीत, फ्रेम वळणावर हलते, तेल पिते, धूर सोडते. आजची साधी ३०० सीसी यापेक्षा सगळ्या बाबतीत सरस. हे प्रेम गाडीवर आहे की स्वतःच्या गेलेल्या विशीवर?

सातवा_पोर्ट

@नव्यातला, दोन्हीवर. पण गाडीवर का, याला नुसत्या भावनेपलीकडची कारणं आहेत.

एक. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश ट्विनची क्रँककेस उभी चिरलेली, जोड खाली तेलात बुडलेला. होंडानं आडवी चिरली. जोड तेलाच्या पातळीच्या वर, एक भाग उचलला की क्रँक आणि गियर समोर मांडलेले. "तेल न गळणारी मोटारसायकल" ही जाहिरात नव्हती, जोड कुठं घ्यायचा याचा निर्णय होता. १९६९ च्या सीबी ७५० मध्ये ७३६ सीसीची चार सिलेंडरं, वर कॅमशाफ्ट, पुढे डिस्क ब्रेक, बटण-स्टार्ट, हे सगळं कारखान्यातूनच आलं. कावासाकी तेव्हा स्वतःची ७५० ची चार सिलेंडरची गाडी करत होती. होंडा आधी आली म्हणून त्यांनी काम थांबवून ती ९०३ सीसी, दोन कॅमशाफ्टची केली. तीच झी-वन. प्रकल्पाचं गुप्त नाव होतं "न्यूयॉर्क स्टेक".

दोन, आणि हे तुम्हाला आजच्या गाडीत मिळणार नाही: पॉवरबँड. आरडी ३५० म्हणजे ३४७ सीसी, ७५०० आरपीएमला ३९ हॉर्सपॉवर. निम्म्या आरपीएमपर्यंत ती सभ्य गृहस्थ असते. मग एक्झॉस्टच्या लाटा जुळायला लागतात: फुगत्या नळीतून जाणारी लाट पोकळी करून नवं मिश्रण ओढते, निमुळत्या टोकावरून परतलेली लाट बाहेर पडू पाहणारं मिश्रण परत सिलेंडरात ढकलते. हे जुळतं तेव्हाच जुळतं, म्हणून सुई त्या जागी पोचली की मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटतं. पातळ पोलादाच्या पात्यांचे रीड व्हॉल्व्ह यामाहानं घातले ते हे जंगलीपण जरा माणसाळवायला, खालच्या आरपीएमला मिश्रण उलट कार्ब्युरेटरकडे जाऊ नये म्हणून. आठवणीत राहते ती ही लाथ. आजचं इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच ओढतं, म्हणून मन कुठल्याच जागी अडकत नाही.

दोनठोक्या

सहमत. आणि ज्यांना आरडी माणसाळलेली वाटते त्यांनी १९६९ ची कावासाकी एच-वन बघावी. ४९८ सीसी, तीन सिलेंडरं, टू-स्ट्रोक, ६० हॉर्सपॉवर, पुढे ड्रम ब्रेक. त्यात भर म्हणजे न्यूट्रल सगळ्यात खाली आणि पाचही गियर त्याच्या वर. सवय नसलेला माणूस वळणाआधी घाईत खाली-खाली दाबत गेला की पहिल्याऐवजी न्यूट्रल. नाव "विधवा करणारी" पडलं त्यात या गियरचाही वाटा असावा.

मागच्या_सीटवरून

तीन सिलेंडरांना दोन सायलेन्सर उजवीकडे आणि एक डावीकडे. वाटणी करणारा घरातला थोरला असणार.

टॅपेटबुवा

सुझुकीनं त्यावर तोडगा काढला होता. जीटी ३८०, ५५० आणि पाण्यानं थंड होणारी ७५०, तिन्हींना सिलेंडर तीन पण मागे सायलेन्सर चार. मधल्याची नळी दुभागलेली. भाऊबंदकी मिटली.

निळा_धूर

अवांतर पुरे, टाकीवर या. वीस वर्षांची टाकी म्हणजे आत गंजाचं शेत. ते न काढता गाडी चालू करणं म्हणजे कार्ब्युरेटर पुन्हा उघडायची तयारी ठेवणं.

सायट्रिक ॲसिड सगळ्यात गरीब आणि बऱ्यापैकी सुरक्षित. कोमट पाण्यात ५ ते १० टक्के, म्हणजे लिटरला ५०-१०० ग्रॅम. पेट्रोल कॉक आणि फ्लोट काढून भोकं बंद करा, टाकी काठोकाठ भरा, एक दिवस ठेवा. मग ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं खळखळून धुवा, लगेच हीटगननं वाळवा आणि लगेच पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालून आतून फिरवा. "लगेच" दोनदा लिहिलंय ते चुकून नाही. उघडं पडलेलं लोखंड अर्ध्या तासात नारिंगी व्हायला लागतं. मध्येच जेवायला उठू नये.

जाड थर असेल तर विजेनं. पाण्यात धुण्याचा सोडा, चार लिटरला एक मोठा चमचा. बारा व्होल्टचा चार्जर, ऋण टोक टाकीला, धन टोक आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळीला. सळी टाकीला कुठंही टेकता कामा नये. स्टेनलेसची सळी तर अजिबात नको, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार निघतात. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि विडीवाल्यांना लांब बसवा.

नव्यातला

एवढं करण्यापेक्षा आतून लायनर, म्हणजे वाळून अस्तर होणारा लेप, ओतला की संपलं.

निळा_धूर

लायनर भोक बुजवायला. गंज झाकायला नाही. खाली गंज राहिला तर वरचा पापुद्रा सुटतो, त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर काही लायनर मऊ पडून सोलले जातात. मग त्या चिंध्या पेट्रोल कॉकमध्ये. गंज निदान चुंबकाला लागतो हो, लायनरचा पापुद्रा कशालाच लागत नाही.

शंकासुर

इथेनॉलवरून आठवलं. जुन्या टू-स्ट्रोकला त्यानं नक्की काय होतं? रबर खराब होतं एवढंच ऐकून आहे.

हवाबंद

रबर हा अर्धा भाग. कॉकची वॉशर, फ्लोटच्या सुईचं टोक, जुन्या नळ्या फुगतात किंवा चिकट होतात. त्या विटॉनच्या (इंधन सोसणाऱ्या रबराच्या) मिळतात, बदलून टाका. दुसरा अर्धा भाग मिश्रणाचा आहे. नुसत्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते. १० टक्के इथेनॉल असेल तर १४.१ पट. म्हणजे जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तेच ठेवलं तर मिश्रण सुमारे ४ टक्के पातळ झालं. फोर-स्ट्रोक ते पचवते. हवेनं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये पातळ म्हणजे गरम, आणि पुढचं वर लिहिलंच आहे. म्हणून मेन जेट एक-दोन आकडे वर.

प्लग वाचून खात्री करा. आरडीला एनजीकेचा बी८एचएस. गरम इंजिन, मोकळा रस्ता, तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर थोडं अंतर, मग क्लच ओढून त्याच क्षणी इग्निशन बंद. रमतगमत परत येऊन प्लग बघितला तर तो रमतगमतचा रंग सांगेल. पांढऱ्या चिनीमातीच्या तळाशी फिक्या तपकिरी रंगाची कडी हवी. पांढराफटक दिसला तर तिथंच थांबा.

आणि इथेनॉल पाणी धरतं. महिनाभर उभी ठेवणार असाल तर कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करा.

पॉइंटातला_माणूस

धागा कार्ब्युरेटरवर घसरला, साहजिक आहे. पण "कार्ब्युरेटरचा प्रॉब्लेम" म्हणून आलेल्या अर्ध्या गाड्यांचा रोग पॉइंटात असतो.

आधी पॉइंट स्वच्छ. बारीक कानसपट्टी, मग कोरा कागद घालून ओढायचा. बोटाचं तेल लागलं तरी पांढरा थर धरतो. गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटर, आरडी आणि सीबी ७५०, दोन्हींना हाच. गॅप आधी, टायमिंग (ठिणगीची वेळ) नंतर. उलट केलंत तर टायमिंग हललंच, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. फायबरची टाच झिजून गॅप कमी झाला की मागे पडतं. टाचेजवळच्या नमद्यावर तेलाचे एक-दोन थेंब, जास्त नाही.

आरडी ३५० चं टायमिंग पिस्टन वरच्या टोकाच्या २.० मिलिमीटर आधी. प्लगच्या भोकात डायल गेज लावायचं, पिस्टन वरच्या टोकाला आणून शून्य करायचं. मग क्रँक उलटा फिरवून २ च्या बराच पलीकडे, साडेतीन-चारपर्यंत न्यायचा, आणि सुलट फिरवत २.० ला यायचं. थेट मागे जाऊन २ ला थांबलात तर गेजमधली ढील मोजमापात शिरते. तिथं पॉइंट नुसते उघडू लागले पाहिजेत. मीटर किंवा छोटा दिवा लावा, डोळ्यांवर विसंबू नका. डावं-उजवं वेगळं जुळवायचं. एका बाजूचं पुढे राहिलं तर तोच एक सिलेंडर तापतो, पिस्टनच्या डोक्याला भोक पाडतो, आणि मालक म्हणतो "उजवा नेहमी खातो, गाडीच तशी."

कंडेन्सरही बदला. पॉइंटवर निळी ठिणगी उडताना दिसली की तो गेलाय.

सातवा_पोर्ट

@पॉइंटातला_माणूस, वाचनखूण साठवली. एवढ्यासाठी इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं तर काय बिघडतं?

पॉइंटातला_माणूस

काही नाही, उलट चांगलं. फक्त बॅटरी आणि चार्जिंग धड असेल तर. पॉइंट बिघडायच्या आधी आठवडाभर कुरकुरतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची डबी एका सेकंदात मरते. आणि साठच्या दशकातल्या होंडांवर सेलेनियमचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) असतो, पत्र्यांची चळत. तो म्हातारा झाला की बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. आधी तो बदला, नवी डबी मग.

निळा_धूर

ऑटोल्यूब अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. यामाहाचा तेल-पंप. "पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट संपली" म्हणून ज्याचं कौतुक झालं, तोच वीस वर्षांनी हवा भरून बसलेला असतो. पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा म्हणजे तेवढा वेळ सिलेंडरला तेल नाही.

तेलाची टाकी धुवा, तळाशी चिखल असतो. नवं तेल भरा, पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या, वॉशरसकट बंद करा. मग पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही तेल घाला, लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे ४०:१. इंजिन मंद चालू ठेवून पंपाची केबल हातानं पूर्ण ओढून धरा, नळ्यांतली हवा निघून तेल पुढे सरकताना दिसतं. पंपाचा किमान स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिलिमीटर हवा, फीलर गेजनं बघा. "तेल जास्त तेवढं बरं" म्हणून १५:१ ओतू नका. जेटमधून तेवढंच पेट्रोल कमी जातं, मिश्रण पातळ होतं. धुराचा ढग असूनही पिस्टन चिकटलेला बघितलाय का? हे त्याचं कारण.

चोकवाला

मस्त चाललंय. पण मूळ प्रश्न क्रमाचा होता. मी असं लावतो: इंजिन हातानं फिरवणं, तेल, हवेचा दाब, टाकी, कार्ब्युरेटर, पॉइंट, ऑटोल्यूब, मग किक. बरोबर?

दोनठोक्या

ब्रेक कुठाय?

चोकवाला

किकच्या आधी ब्रेक?

दोनठोक्या

उठली की तुम्ही फक्त "गल्लीच्या टोकापर्यंत" जाणार. सगळे जातात. त्यासाठी ब्रेक आधी.

डिस्क असेल तर कॅलिपरचा पिस्टन गंजून आत बसलेला असतो. हवेनं उडवू नका, बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असतं. मास्टर सिलेंडर चालू असेल तर त्याच्याच दाबानं बाहेर काढा. नसेल तर नळीच्या आट्यात ग्रीस निपल लावून ग्रीसगननं, सावकाश. सील बसते त्या खाचेत पांढरा कडक थर जमतो, तो खरवडला नाही तर नवं सील पिस्टनला आवळून धरतं. सीबी ७५० चा कॅलिपर एका बिजागरीवर हलतो, ती जाम असेल तर एकच पॅड झिजतो. रबरी होज दिसायला कितीही चांगला असो, बदलायचा. आतून फुगून एकतर्फी झडप होतो, ब्रेक लागतो पण सुटत नाही. आणि त्या काळच्या स्टेनलेस डिस्क पावसात पहिला क्षणभर काहीच करत नाहीत, हे नव्या गाडीवरून येणाऱ्यांनी डोक्यात ठेवावं.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा. नक्षी कितीही खोल असली तरी फेकायचा.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. घेताना इंजिन आणि फ्रेमचा नंबर जुळायलाच हवा ना? एका सीबी ७५० चे जुळत नाहीत, विकणारा म्हणतो असंच असतं.

टॅपेटबुवा

या बाबतीत खरं बोलतोय. होंडाच्या त्या गाड्यांत फ्रेमचा आणि इंजिनाचा क्रमांक कारखान्यातूनच वेगळा. सीबी ७५० वर दोन्ही तंतोतंत सारखे दिसले तर उलट ठोकलेले अक्षर भिंगाखाली बघा. यामाहाचं उलट, आरडी ३५० ला दोन्हीकडे ३५१ नं सुरू होणारा एकच क्रमांक हवा. कागदपत्रांशी मात्र दोन्ही गाड्यांचे दोन्ही क्रमांक जुळलेच पाहिजेत.

चोकवाला

ठरलं. ब्रेक आणि टायर पहिल्या क्रमांकावर चढवतो, आणि कागदपत्रं त्याच्याही आधी. @हवाबंद, सगळं झालं, किक मारली, उठली आणि मागे निळ्या धुराची भिंत. घाबरायचं का?

हवाबंद

पहिली पंधरा-वीस मिनिटं नाही. सायलेन्सरच्या जाळीत वर्षानुवर्षांचं तेल बसलेलं असतं, ते गरम होऊन जळेपर्यंत धूर येणार. आरडीची जाळी मागे एका स्क्रूवर असते, आधीच काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवलीत तर तेवढाही येणार नाही. हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमचं काही त्या बादलीत टाकू नका, खाऊन टाकतं. अर्ध्या तासानंतरही धूर तसाच असेल, पांढरट असेल आणि जळक्या गियर ऑइलचा वास असेल, तर गियरबॉक्सची काडी बघा आणि माझा पहिला प्रतिसाद परत वाचा.

किकमारी

आणि बूट.